वेष, वचन आणि समीक्षा : वत्सगुल्माच्या परिसरातील रंगव्यवहाराचा विचार

१

‘काव्यमीमांसा’ ह्या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात राजशेखराने काव्यपुरुषाच्या विवाहाची कथा सांगितली आहे. सरस्वतीचा हा पुत्र रुसून निघून जातो. त्याला प्रेमपाशात बांधून ठेवावे म्हणून गौरी साहित्यविद्या नावाची वधू निर्माण करते. आणि ती त्याच्या मागोमाग पूर्वदेश, पांचाल, अवंती व दक्षिणदेश असा प्रवास करते. प्रत्येक देशी ती निराळा वेष धारण करते, निराळे नृत्यविलास करते, आणि तिला पाहून काव्यपुरुषाची वाणीही निरनिराळे वळण घेते. त्या त्या देशातील स्त्रिया तिच्या वेषाचे अनुकरण करतात. अखेर विदर्भातील वत्सगुल्म नगरात त्या दोघांचा गांधर्वविवाह होतो. हे वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम होय.

ही कथा साहित्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला सामान्यतः रीतिविचाराच्या संदर्भात शिकविली जाते. वैदर्भी रीतीचा मान विदर्भाला मिळाला आणि ‘कर्पूरमंजरी’च्या नांदीत त्याच रीतीचा ‘वच्छोमी’ ह्या प्राकृत नावाने उल्लेख आला, एवढे सांगून विवेचन पुढे सरकते. परंतु कथेतील एक महत्त्वाचा भाग ह्यामुळे दुर्लक्षित राहतो. राजशेखराने एकट्या रीतीची व्याख्या केलेली नाही. वेषाच्या विन्यासक्रमाला तो प्रवृत्ती म्हणतो, विलासाच्या विन्यासक्रमाला वृत्ती म्हणतो आणि वचनाच्या विन्यासक्रमाला रीती म्हणतो. ह्या तीनही व्याख्यांचा साचा एकच आहे. म्हणजे लुगडे कसे नेसावे, अंगावर काय घालावे, रंग कसे जुळवावे ह्या गोष्टी आणि शब्द कसे जुळवावे ही गोष्ट त्याच्या दृष्टीने एकाच जातीच्या, मांडणीच्या, होत्या. एवढेच नव्हे, तर चौसष्ट उपविद्यांना, म्हणजे ज्यांना विदग्ध लोक कला म्हणतात त्यांना, त्याने दुसऱ्या अध्यायात काव्याचे उपजीवन मानले आहे. ‘कामसूत्रा’तील चौसष्ट कलांच्या यादीत शिवणटिपण, माळा गुंफणे, वस्त्रे रंगविणे आणि तांदूळ व फुले ह्यांनी भूमीवर आकृती काढणे ह्यांचा समावेश आहे, हे येथे लक्षात घ्यावे.

मराठी समीक्षेने ह्या त्रयीपैकी रीती तेवढी घेतली व प्रवृत्ती सोडून दिली. रोजच्या जीवनातील रंग, शिवण, भरतकाम, रांगोळी, बैलांचा साज ह्यांचे वर्णन लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी केले. पण ‘समीक्षा’ ह्या नावाला पात्र असा विचार त्यांच्या वाट्याला क्वचितच आला. ह्या उपेक्षेची कारणे कोणती, ती समर्थनीय आहे काय, आणि ज्या भूमीवर वेष व वचन ह्यांची सोयरीक झाल्याचे राजशेखर सांगतो तेथे आज ह्या प्रश्नाचे स्वरूप काय आहे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२

प्रथम ज्या शब्दांनी मराठी भाषक ह्या व्यवहाराची नोंद घेतो ते शब्द पाहावेत. आज सर्वांत रूढ शब्द ‘छंद’ हा आहे. संस्कृतात छंद म्हणजे इच्छा आणि छंदस् म्हणजे वृत्त. मराठीत ‘छंद लागणे’ ह्याला ओढीची छटा आहे, आणि ‘छंदीफंदी’ ह्या शब्दात ती निंदेपर्यंत पोहोचते. ‘नाद’ ह्या शब्दाचीही तीच गत आहे. ध्वनिवाचक शब्द आसक्तिवाचक झाला आहे. ‘हौस’ हा शब्द अरबी-फारसी ‘हवस’वरून आला, पण मूळची तीव्र वासना मराठीत येताना निवळली व तिला घरगुती प्रसन्नता आली. तरीही ‘हौशी’ हे विशेषण लागले की कर्त्याचा दर्जा एक पायरी खाली येतो. ‘फावल्या वेळातील उद्योग’ ह्या शब्दप्रयोगात तर मुख्य जीवन अन्यत्र चालू असून हा त्याचा उरलेला तुकडा आहे, असे गृहीतच धरलेले असते.

ह्याच्या उलट जुना शब्दगट आहे. ‘कसब’ हा अरबी शब्द मूळचा कमाईचा वाचक; मराठीत तो कौशल्याचा वाचक झाला. हाताचे कौशल्य आणि हाताची मिळकत ह्यांत भाषेने भेद मानला नाही. ‘हुन्नर’ आणि ‘कारागिरी’ हे शब्दही काम व सौंदर्य ह्यांना एकत्रच ठेवतात. ‘कलाकुसर’ ह्या जोडशब्दात तर कला आणि कुशलता शेजारी शेजारी बसल्या आहेत.

ह्या दोन शब्दगटांमधील अंतर हे केवळ शब्दांचे अंतर नाही. पहिला गट कर्त्याच्या मनःस्थितीचे वर्णन करतो. दुसरा केलेल्या वस्तूच्या गुणाचे वर्णन करतो. एखाद्या गृहिणीने जुनी लुगडी एकावर एक घालून, कडेने रंगीत पट्टी लावून, उभे-आडवे धावदोरे घालून वाकळ शिवली, तर तिला ‘छंद’ म्हणणारा माणूस वाकळीविषयी काहीच सांगत नाही. टाका बारीक आहे की मोठा, पट्टीचा रंग उठतो की दबतो, थर सरकले आहेत की बसले आहेत, ह्यांविषयी ‘कसब’ म्हणणाऱ्याला बोलावेच लागते. समीक्षेची सुरुवात दुसऱ्या भूमिकेतून होते, पहिल्या भूमिकेतून होत नाही.

३

ह्या व्यवहाराला समीक्षा नाही असे मानणे मात्र चुकीचे ठरेल. ती लिखित नाही, एवढेच. मराठीच्या रंगवाचक शब्दसंग्रहाकडे पाहिले तरी ती कोठे नांदते हे कळून येते.

ब्रेंट बर्लिन आणि पॉल के ह्यांनी १९६९ साली मूलभूत रंगवाचक शब्दांविषयीचा आपला सिद्धांत मांडला. भाषांतील मूलभूत रंगवाचकांची संख्या अकराच्या आत असते व ती एका ठरावीक क्रमाने वाढते, असे त्यांचे प्रतिपादन होते. मूलभूत शब्द निवडताना वस्तूंच्या नावांवरून आलेले रंगशब्द बहुधा बाजूला ठेवावे लागतात. भाषांच्या तुलनेसाठी हा निकष उपयुक्त आहे. परंतु तो लावला असता मराठीतील रंगसृष्टीचा सर्वांत समृद्ध भाग गळून जातो. डाळिंबी, आमसुली, अंजिरी, वांगी, लिंबू, मोरपंखी, पोपटी, शेवाळी, अबोली, विटकरी, राखी, तपकिरी, शेंदरी, कुसुंबी हे शब्द लुगड्याच्या दुकानात, शिवणाच्या डब्यापाशी व रांगोळीच्या ताटापाशी वापरले जातात. त्यांपैकी कित्येकांत रंगाबरोबर पदार्थाची स्मृतीही आहे. ‘कुसुंबी’ हा शब्द ज्या कुसुंबाच्या म्हणजे करडईच्या फुलांपासून रंग काढीत त्यांची आठवण ठेवतो. ‘किरमिजी’ शब्दात रंग देणाऱ्या किड्याचे अरबी-फारसी नाव दडलेले आहे.

ह्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे मराठी रंगशब्दांना लागणारी पुरवणी. ‘काळाभोर’ आणि ‘काळाकुट्ट’ ह्यांतील काळेपणाची मात्रा फारशी वेगळी नाही. परंतु केस व डोळे काळेभोर असतात आणि अंधार काळाकुट्ट असतो. धुतलेले वस्त्र पांढरेशुभ्र असते. भ्यालेल्या माणसाचा चेहरा पांढराफटक पडतो. ओठ लालचुटूक, संतापलेला चेहरा लालबुंद आणि अंगावर येणारे लुगडे लालभडक. ‘पिवळाजर्द’मध्ये तर फारसी ‘जर्द’ म्हणजे पिवळाच. भाषेने पिवळेपणा दोनदा सांगून त्याचा ठसका वाढविला. उणेपणा दाखविण्याची सोयही अशीच सूक्ष्म आहे. ‘पिवळसर’ म्हटले की केवळ छटा सांगितली जाते. ‘पिवळट’ म्हटले की बहुधा काहीतरी मळले, विटले किंवा जुने झाले, असा अभिप्राय व्यक्त होतो. तात्पर्य, मराठीत रंगाचे नाव घेणे आणि रंगाचे मूल्यमापन करणे ह्या दोन क्रिया पुष्कळदा एकाच शब्दात होतात. ‘काळाभोर’ म्हणणाऱ्याने वर्णन केले आणि निवाडाही दिला.

वऱ्हाडी बोलीत ह्या शब्दांना आणखी एक रूप मिळते. ‘ळ’च्या जागी ‘य’ येण्याची तिची लकब प्रसिद्ध आहे. त्यामुळे वाशीमच्या परिसरात काळा ‘काया’ होतो, पिवळा ‘पिवया’ होतो आणि पोळा ‘पोया’ होतो. शेतकऱ्याच्या तोंडी ढवळा, पवळा, खैरा, बांडा हे बैलांच्या रंगांचे शब्द आहेत. त्यांतून नावे पडतात, आणि ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या’ ही म्हण घडते. पोळ्याच्या दिवशी शिंगांना रंग देणे, बेगड लावणे, पाठीवर झूल चढविणे हे काम बैलाचा मूळ रंग पाहूनच केले जाते. ढवळ्या बैलाला जे शोभते ते खैऱ्याला शोभेलच असे नाही, हा निर्णय कोणत्याही कलाशाळेत न गेलेला माणूस सहज घेतो. ह्या निर्णयाला समीक्षा म्हणावयाचे नसेल, तर न म्हणण्याचे कारण द्यावे लागेल.

४

ह्या अलिखित समीक्षेची कसोटी पाहावयाची असेल तर वाशीम जिल्ह्यातील बंजारा तांड्यांकडे वळले पाहिजे. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे देशभरच्या बंजारा समाजाचे श्रद्धास्थान आहे. ह्या समाजाची गोरबोली मराठीहून वेगळी आहे. ग्रियर्सनने आपल्या भाषासर्वेक्षणाच्या १९०७ सालच्या भागात तिचा विचार ‘बंजारी अथवा लभानी’ ह्या नावाखाली, भिल्ली व खानदेशी ह्यांच्यासमवेत, केला आणि राजस्थानीशी असलेले तिचे नाते दाखविले. ह्याचा अर्थ असा की वाशीमच्या बाजारात दोन भाषा आणि त्यांबरोबर दोन वेषपद्धती शेजारी शेजारी उभ्या असतात. राजशेखराच्या परिभाषेत, येथे दोन रीती व दोन प्रवृत्ती एकत्र आल्या आहेत.

घेरदार फेटिया, काचळी आणि डोईवरील ओढणी हा बंजारा स्त्रीचा परंपरागत वेष. त्यावर आरसे, कवड्या, नाणी, कापडाचे तुकडे व रंगीत दोऱ्यांचे टाके अशा रीतीने बसविलेले असतात की कापडाचा मूळ पृष्ठभाग क्वचितच मोकळा उरतो. हातांत कोपराच्याही वरपर्यंत पांढऱ्या बांगड्यांची रांग असे. वस्त्राची रचना भौमितिक असून तिचा हिशेब टाक्यांच्या मोजणीवर चालतो. ही वस्त्रे भिंतीवर टांगण्यासाठी निर्माण झालेली नाहीत. आरसा उन्हात चालणाऱ्या अंगावर असतो, म्हणून त्याची चमक क्षणोक्षणी बदलते. कवडी व नाणे पावलाबरोबर वाजतात. चालणे हा ह्या वस्त्राच्या रचनेचाच भाग आहे. बैलांच्या तांड्यांवर धान्य व मीठ लादून देशभर वाहून नेणाऱ्या समाजाचा हा वेष आहे, हे ध्यानात ठेवले म्हणजे त्याचे कारण कळते.

ह्या वेषाविषयी नागर मराठी माणसाच्या तोंडी येणारा शब्द एकच असतो : ‘भडक’. हा शब्द ‘भडकणे’ ह्या क्रियापदाच्या कुळातला असून आगीचा गुण रंगाला देतो. मराठी साहित्यसमीक्षेतही तो सर्रास आढळतो. नाटक भडक असते, चित्रण भडक असते, आणि ह्याच्या उलट जे संयत, सौम्य, सूचक ते चांगले असते. म्हणजे विशिष्ट वर्गाची वस्त्राविषयीची अभिरुची वाङ्मयाचा मानदंड होऊन बसली आहे. ह्यात दोष अभिरुची असण्याचा नाही. प्रत्येक परंपरेला अभिरुची असतेच. दोष असा की ‘भडक’ हा शब्द वस्तूचे वर्णन म्हणून वापरला जातो, पण वस्तुतः तो पाहणाऱ्याच्या अंतराचे वर्णन असतो. फेटियातील तांबडा आणि निळा ह्यांच्यामध्ये बसविलेली पांढऱ्या टाक्यांची ओळ दोघांना वेगळे ठेवते व एकमेकांना तोलूनही धरते. ही गोष्ट ‘भडक’ म्हणणाऱ्याच्या दृष्टीला पडतच नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. हा वेष इतका अर्थपूर्ण आहे तर नव्या पिढीतील बंजारा स्त्रियांनी तो रोजच्या वापरातून बव्हंशी का सोडला? ह्या प्रश्नाला भावुक उत्तर देणे अन्यायाचे होईल. वेष जड आहे. ऊसतोडीच्या वा शेतीच्या कामात तो अडचणीचा आहे. कारखान्यात विणलेले पातळ स्वस्त आहे. शिवाय आणखी एक कारण इतिहासात आहे. रेल्वे व पक्क्या सडका आल्यावर तांड्यांचा वाहतुकीचा व्यवसाय बुडाला, आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या भटक्या समाजांवर संशयाची छाया टाकली त्यांत बंजारा समाजही होता. तो कायदा १९५२ साली रद्द झाला आणि महाराष्ट्रात ह्या समाजाची गणना विमुक्त जातींत होते. पण दूरवरून ओळखू येणारा वेष हा अशा काळात केवळ शोभेचा विषय राहत नाही; तो धोक्याचाही होतो. तो उतरवून ठेवणाऱ्या स्त्रीने सौंदर्याचा त्याग केला असे म्हणण्याआधी, ते सौंदर्य अंगावर वागविण्याची किंमत तिच्याकडून कोणी वसूल केली, हे विचारले पाहिजे. दैनंदिन जीवनातील रंगाचा आनंद हा निरागस विषय आहे, ही समजूत येथे कोलमडते.

५

मराठी सौंदर्यशास्त्राने ह्या व्यवहाराला कोणती साधने दिली? बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्याचे मूळ संवेदनांच्या लयबद्ध रचनेत शोधले आणि संवाद, विरोध व समतोल ही लयीची तीन तत्त्वे मांडली. हा सिद्धांत अतिशय नागर समजला जातो. पण विचाराअंती असे दिसते की वाकळ, रांगोळी व फेटिया ह्यांच्याबाबत तो कमालीचा उदार आहे. वस्तू कोणी केली, कोठे ठेवली, तिला चौकट आहे की नाही, हे तो विचारत नाही; संवेदनांचे संबंध पाहतो. तांबड्या-निळ्यामधील पांढरी ओळ हे समतोललयीचे शुद्ध उदाहरण म्हणून दाखविता येईल. ह्या सिद्धांताचे हे सामर्थ्य त्याच्या अनुयायांनी फारसे वापरले नाही. त्याची मर्यादा मात्र तितकीच स्पष्ट आहे : चालणे, वाजणे, ऊब देणे, ओळख सांगणे ह्या गोष्टी त्याच्या हिशेबातून बाहेर राहतात.

रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) ह्या ग्रंथात सौंदर्यविचार लौकिकता व अलौकिकता ह्या दोन ध्रुवांमध्ये वावरतो असे प्रतिपादन केले. दैनंदिन कलेला ही मांडणी अधिक मानवते, कारण रोज पांघरली जाणारी वाकळ एकाच वेळी दोन्ही ध्रुवांकडे तोंड करून असते. परंतु पाटणकरांच्या चर्चेचे बळ मुख्यतः तत्त्वज्ञान व साहित्य ह्यांच्या क्षेत्रात खर्च झाले. जपानमध्ये यानागी सोएत्सु ह्यांनी १९२५ च्या सुमारास ‘मिंगेइ’ ही संज्ञा घडवून अनामिक कारागिरांच्या रोजच्या वापरातील वस्तूंना सौंदर्यविचाराच्या केंद्रस्थानी आणले. तसा प्रयत्न मराठीत उभा राहिला नाही.

वस्तुतः मराठी समीक्षेवर ह्या व्यवहाराचे ऋण आहे, आणि ते तिच्या परिभाषेतच नोंदलेले आहे. कवितेचा ‘पोत’ पाहिला जातो. कथेची ‘वीण’ घट्ट किंवा सैल असते. कथानकाचे ‘धागेदोरे’ जुळतात, मध्येच ‘उसवतात’. कमकुवत प्रकरण हे ‘ठिगळ’ ठरते. भाषा ‘जरतारी’ असते. व्यक्तिरेखा ‘उठावदार’ किंवा ‘फिकी’ असते. ‘ग्रंथ’ शब्दात गाठ आहे व ‘प्रबंध’ शब्दात बंध आहे. लॅटिनमधील ‘तेक्स्तुस’ म्हणजे विणलेले, हेही येथे आठवावे. मैफल ‘रंगते’, विडा रंगतो, मेंदी रंगते. ‘रंगणे’ हे अकर्मक क्रियापद कर्त्याच्या इच्छेवर अवलंबून नसलेली सिद्धी सांगते, आणि रसविचाराला पुष्कळ शब्द खर्च करून जे सांगावे लागते ते एका धातूत सांगून टाकते. कापड विणणाऱ्या, शिवणाऱ्या व रंगविणाऱ्या हातांनी आपल्या कामाची पारख करण्यासाठी जे शब्द घडविले, ते समीक्षकाने उचलले आणि मग त्या हातांच्या कामाला ‘छंद’ म्हटले. कला ही काव्याचे उपजीवन आहे, हे राजशेखराचे विधान समीक्षेच्या बाबतीतही असे अक्षरशः खरे ठरते.

६

५ ऑक्टोबर २०२४ रोजी पोहरादेवी येथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. ज्या समाजाच्या वेषाची दखल एके काळी संशयाने घेतली गेली त्याच्या वारशाला सन्मानाची वास्तू मिळाली, ही घटना लहान नाही. तथापि संग्रहालयाची एक स्वाभाविक मर्यादा असते. तेथे वस्त्र टिकते. त्याची हालचाल व आवाज टिकत नाहीत. आणि त्याहून लवकर नष्ट होते ती त्या वस्त्राची पारख करणारी भाषा. आजीने नातीचा टाका पाहून जो शब्द उच्चारला, त्या शब्दाला काचेच्या कपाटात जागा नसते. यंत्राने भरलेले ‘बंजारा’ नक्षीचे तुकडे आज पिशव्यांवर व कपड्यांवर सर्वत्र दिसतात. त्यांत रंग असतात, आरसेही असतात. नसतो तो चूक-बरोबर सांगणारा शब्द, कारण यंत्राच्या टाक्याला कोणी तो उसवून पुन्हा घालावयास सांगत नाही. ज्या कलेतील दोष दाखविण्याची भाषा संपली, ती कला दिसत राहिली तरी शिकविता येत नाही.

ह्यावरून भाषाविभागांचे एक कर्तव्य निष्पन्न होते. रंगांची, टाक्यांची व साजाची नावे गोळा करणे हे कोशकाराचे काम झाले. ते आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. गोरबोलीत आणि वऱ्हाडीत चांगले काम व वाईट काम ह्यांतील भेद कोणत्या शब्दांनी, कोणत्या प्रत्ययांनी, कोणत्या स्वराघाताने व्यक्त होतो, दोन रंग ‘जुळले’ म्हणजे काय झाले, आणि ‘भडक’ हा शब्द तांड्यातील स्त्री स्वतः कशाला लावते, ह्यांची नोंद व्हावयास हवी. ही नोंद करणाऱ्याने लेखणी घेऊन प्रश्न विचारण्यापेक्षा शिवणाऱ्यांच्या शेजारी दीर्घकाळ बसावे लागेल, कारण असे शब्द चुकीच्या प्रसंगी, हातात काम असतानाच, तोंडातून निघतात. आणि ती नोंद करताना संशोधकाने आपला मानदंड बाजूला ठेवून त्यांचा मानदंड समजून घेतला पाहिजे.

वाकाटकांच्या ज्या शाखेची राजधानी वत्सगुल्म होती, तिच्या हरिषेण राजाच्या वराहदेव नामक सचिवाने अजिंठ्याचे सोळावे लेणे खोदविले. तेथील भित्तिचित्रांतील वस्त्रे व अलंकार ह्यांवर आज ग्रंथ लिहिले जातात. परंतु ती वस्त्रे विणणाऱ्या व नेसणाऱ्या स्त्रियांनी त्यांविषयी काय म्हटले, ह्याचा एकही शब्द उरलेला नाही. रंग दीड हजार वर्षे टिकले. वचन टिकले नाही. वाशीमच्या तांड्यांत व गावांत आज वेष आणि त्याविषयीचे वचन ही दोन्ही, उतरणीला लागलेली का होईनात, एकत्र आढळतात. राजशेखराने ज्यांची गाठ ह्याच भूमीवर बांधली त्यांची ताटातूट होण्यापूर्वी त्यांचा एकत्र अभ्यास होणे, हे समीक्षेने आपले ऋण फेडण्यासारखे होईल.